जेठातलं माकूल

आते, कावळे आता बिनधास्त अंगणात उतरतात. बोंबील वाळत घालायच्या तुझ्या वलांडीवर बसतात, रिकाम्या दोरीला चोच घासतात आणि दाराकडे बघत राहतात. तू बाहेर येशील, मनगटातून हात उडवशील, एखादी शिवी हासडशील, याची वाट बघत असावेत. मी दारात येऊन उभी राहिले तर हलतसुद्धा नाहीत. शेजारच्या दारातून सुमन ओरडते, "तुझा हात पेन धरणारा गो. कावळ्याला कळतं ते."

तुझ्याशी मी कधी एवढं सलग बोलले नाही. सुट्टीत यायचे तेव्हा तू बोलायचीस आणि मी ऐकायचे. आई गेल्यावर बाबांनी मला मुंबईच्या इंग्रजी शाळेत घातलं, तिथल्याच वसतिगृहात ठेवलं, आणि प्रत्येक सुट्टीत डहाणूच्या आगरला तुझ्याकडे आणून सोडलं. शाळेत मराठी बोलायला मनाई आणि इथे इंग्रजी कुणाला कळायचं नाही. दोन्हींच्या मध्ये मी गप्प राहायला शिकले. तू आपल्या मैत्रिणीला, काशीला म्हणायचीस, "आमच्या बायच्या तोंडाला कुलूप आहे. किल्ली मास्तरणीकडे राहिली." मला राग येत नसे. तू मला कधी बोल म्हणाली नाहीस, म्हणून तुझ्याजवळ बसणं सोपं होतं. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, पुढची जोडी घ्यायची. एवढं काम मला जमायचं. बाकीचं सगळं सुमनला यायचं. बाबांच्या भावाची ती लेक तुझ्या हाताखालीच मोठी झाली. मासा, वारा, भरती, कोण कधी काय खोटं बोलतंय, तिला न सांगता कळतं.

तुझं वर्ष आगोटीपाशी, पावसाच्या तोंडाशी येऊन संपायचं, हे मात्र मलाही माहीत होतं. थंडीपासून वाळवलेलं सगळं तू जेठातल्या बाजारांसाठी राखून ठेवायचीस. बोंबील, जवळा, खारवलेले मासे. पाऊस लागला की तलासरीकडच्या पाड्यांच्या वाटा बंद, ओहोळ दोन्ही काठ भरून. चार महिने पेजेबरोबर तोंडी लावायला त्या माणसांकडे तुझ्या पाटीतलंच असायचं. एसटीचा कंडक्टर पाटी टपावर टाकायला सांगायचा, आतली माणसं नाकाला पदर लावायची, आणि तू खिडकीशी बसून म्हणायचीस, "घरी जाऊन भाजतील तेव्हा कुठे जाईल यांचं नाक."

बाजारात मोहाच्या झाडाखाली तुझी जागा ठरलेली होती. पहिली यायची ती पाड्यावरची रामी. भात घेऊन यायची, कधी मोहाची फुलं. बोंबील वाकवून बघायची आणि दर वर्षी तेच म्हणायची.

"मावशे, ओले हायेत."

"ओले? तुझ्या नवऱ्यापेक्षा तरी वाळलेत."

दोन वर्षांपूर्वी राज्यं वेगळी झाली, पलीकडची काही गावं गुजरातेत गेली, आणि बाजारात माणसं यावरून तावातावाने बोलत होती. तुला कुणीतरी विचारलं, तू कुठल्या बाजूची. तू म्हणालीस, "मी खाऱ्या बाजूची." रामीला ते इतकं आवडलं की ती पुढच्या बाजारातही सगळ्यांना सांगत होती.

गेल्या वर्षी दिवाळीत मी आले तेव्हा तुझे हातपाय काटक्यांसारखे झाले होते आणि पोट पुढे आलं होतं. तू लुगड्याची गाठ वर बांधायला लागली होतीस. विहिरीवर काशीने सगळ्यांदेखत विचारलं, "जमने, कितवा लागला?"

"तुझ्या नवऱ्याला विचार. त्याला नक्की माहीत असेल."

बायका इतक्या हसल्या की कुणाची तरी कळशी कलंडली. काशीही हसली. तूही. घरी येऊन तू दार ओढून घेतलंस, गाठ सोडलीस, आणि पोटावर उमटलेल्या लाल वळाकडे बघत बसलीस. मी आत आहे हे तू विसरली होतीस बहुतेक. आतोबा जाऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. विधवेचं पोट वाढलं की गावाला दोनच गोष्टी सुचतात, आणि दुसरी गोष्ट दारू. तुझ्या पाठीमागे दोन्ही बोलल्या जात होत्या. तू दोन्हींना तोंडावर उत्तर दिलंस आणि तिसरी गोष्ट कुणाला सुचू दिली नाहीस.

नाताळात बाबांनी हट्टच धरला म्हणून आपण सरावलीच्या वाटेवरच्या नव्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मद्रासकडचा होता, तरुण, नुकताच आलेला. इंग्रजी बोलायचा आणि थोडं मोडकं हिंदी. म्हणून मी मध्ये. त्याने तुझ्या पोटावर एक बोट ठेवून दुसऱ्याने वाजवलं, कुशीवर वळवून पुन्हा वाजवलं.

"पिकलंय का विचार त्याला," तू म्हणालीस. "कलिंगडासारखं वाजवतोय."

मी ते सांगितलं नाही. मग त्याने विचारलं, या दारू पितात का. हे मी तुला कोणत्या शब्दांत विचारायचं ते मला कळेना. "आते, तो विचारतोय, तू काही घेतेस का?"

"घेते की. पाटी घेते डोक्यावर."

"दारू, आते."

तू त्याच्याकडे नीट बघून घेतलंस. "सरकारने बंद केलीय ना? का याच्याकडे मिळते?"

मी त्याला फक्त 'नाही' म्हणाले. त्याचा विश्वास बसला नसावा, पण त्याने पुढे विचारलं की कधी कावीळ झाली होती का. झाली होती. लग्नानंतरच्या वर्षी. मसोलीच्या एका म्हातारीने उतरवली होती. चुन्याच्या पाण्यात तुझे हात धुतले, पाणी पिवळं झालं, गळ्यातली मुळांची माळ वाढत वाढत बेंबीपर्यंत आली, आणि कावीळ गेली. डॉक्टर म्हणाला, पिवळेपणा गेला, आजार आतच राहिला. इतकी वर्षं यकृतावर व्रण पडत गेले आणि भरताना निबर होत गेले. आता त्यातून रक्त जात नाही.

हे तुला सांगताना मी अडखळले. मग मला आपली खाडी सुचली. "आते, खाडीत गाळ साचून तोंड बंद झालं तर भरतीचं पाणी कुठे जाईल?"

"शेतात जाईल. बांधावरून."

"तसं तुझं रक्त झालंय. काही पोटात पाणी होऊन साठतंय. आणि काही घशाखालच्या, अन्न उतरतं त्या नळीतल्या शिरांमध्ये चढतंय. त्या फुगल्यात."

"आणि बांध फुटला तर?"

तू हे इतक्या सहज विचारलंस की मी ते तसंच डॉक्टरला विचारलं. त्याने हात पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि तुझ्याकडे बघत, सावकाश, मला सांगितलं. रक्ताची उलटी होईल, किंवा रक्त खाली उतरून शौचाला डांबरासारखं काळं होईल. यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी मुंबईचं मोठं हॉस्पिटल. पाटी उचलायची नाही, बसने हिंडायचं नाही, बाजार बंद. मी शब्द न शब्द तुला सांगितला. काहीही गाळलं नाही. तू ऐकलंस. निघताना दवाखान्याच्या पायरीवर थांबून एवढंच विचारलंस, "काळं म्हणजे किती काळं?"

"डांबरासारखं."

"म्हणजे माकूल खाल्ल्यावर होतं तसं."

मला तेव्हा हसू आलं होतं. माकलाच्या पोटात शाईची पिशवी असते, तू ती काढायची नाहीस, सगळं कालवण काळं कुळकुळीत व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं एकमेकांना ओरडून सांगायची. आगरच्या पोराला त्याचं कारण सांगावं लागत नाही. मी पहिल्यांदा खाल्लं होतं तेव्हा दुसऱ्या दिवशी घाबरून रडले होते आणि तू मला छातीशी धरून हसत राहिली होतीस.

मीठ बंद झालं. निदान डॉक्टरने बंद केलं. "त्याला सांग, मी मिठात राहते," तू म्हणालीस, आणि ते खरंच होतं. तुझ्या बोटांच्या भेगांत मीठ होतं, उंबऱ्यावर होतं, चुलीमागच्या मडक्यांत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझं जेवण वेगळं शिजवायला लागले. तू मुकाट खायचीस. मग मासे खारवायला बसायचीस आणि काम करता करता बोट चाटायचीस. मी बघितलं. तू बघितलंस की मी बघितलं. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर ओरडले. "तुला मरायचंय का?"

तू हात तसेच माशात ठेवून म्हणालीस, "नाय गो. पण अळणी जगायचं नाय."

मी दोन दिवस बोलले नाही. माझं न बोलणं कुणाच्या लक्षात येत नाही, एवढंच माझ्या रागाचं दुर्दैव आहे. तुझ्या लक्षात आलं होतं. तिसऱ्या दिवशी तू माझ्यासमोर अळणी भाताचा घास घेतलास, गिळलास आणि म्हणालीस, "बस? उघड कुलूप." पण ते भांडण मिटलं नाही आते. मी अजूनही त्याची उत्तरं शोधते. आंघोळ करताना, चालताना. परवा एक चांगलं उत्तर सापडलं, आणि मग आठवलं.

मे महिन्यात डॉक्टरने तुझ्या पोटात सुई घालून पाणी काढलं. नळीतून बादलीत पडत होतं, शहाळ्याच्या पाण्यासारखं, जरा पिवळसर. तू मान वळवून बादलीकडे बघितलंस. "खारं आहे का विचार." हे मात्र मी त्याला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "हो." तुला ते फार बरं वाटलं.

आणि मग जून. जेठातला पहिला बाजार झाला होता, दोन राहिले होते. घरात पाट्या भरून ठेवलेल्या. डॉक्टरने पोटाचा घेर बघायला बोलावलं होतं. सुमन लुगडं बदलून, केस विंचरून तयार होती, कारण तुला कुठेही जायचं तर सुमनच लागायची. तू म्हणालीस, "तू घर बघ. बाय येईल. बायला इंग्रजी येतं."

सुमन म्हणाली, "मग मी नुसती येते. आधाराला."

"नको. बाय पुरे."

मला काय वाटलं होतं ते आज लिहायला जड जातं. मला आनंद झाला होता. या घरात पहिल्यांदा मी पुरेशी होते.

डॉक्टरने फीत लावली, डोळे पाहिले, आणि विचारलं, शौचाचा रंग कसा आहे. मी तुला विचारलं. तू जरासुद्धा थांबली नाहीस. "काळं होतंय. सांग त्याला खरं. पण माकूल खाल्लंय म्हणून सांग."

तो मासे न खाणारा. माकूल म्हणजे काय, त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला समजावलं. शाईची पिशवी, काळं कालवण, दुसऱ्या दिवशीची सकाळ. कागदावर माकलाचं चित्रसुद्धा काढून दाखवलं. मी परक्या माणसाशी एवढं बोलतेय याचं मलाच नवल वाटत होतं. "म्हणजे तुम्ही लोक शाई खाता?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो. तू आमच्याकडे आळीपाळीने बघत होतीस. त्याने औषध दिलं, जड उचलू नका म्हणाला, आणि बाजाराचं काही बोलला नाही.

परत येताना तू किनाऱ्यावरून चल म्हणालीस. बोटी वर चढवून झाल्या होत्या. वाळूत टेकू लावून उभ्या, वरून झावळ्यांनी शाकारलेल्या. तुला धाप लागली म्हणून आपण एका बोटीच्या सावलीत बसलो. तू तिच्या कोरड्या फळीवर हात ठेवून बसलीस. मी शेजारी होते. माझ्यासमोर ओळीने सगळ्या बोटी होत्या, आते, एकही पाण्यात नव्हती. मी त्यांच्याकडे बघत होते आणि विचार करत होते की डॉक्टरला माझं इंग्रजी आवडलं असेल का.

उरलेले दोन्ही बाजार तू केलेस. पाट्या सुमनने आणि मी वाहिल्या, तू फक्त बसलीस. शेवटच्या बाजारात तुझा चेहरा राखेच्या रंगाचा होता. रामी आली, बोंबील वाकवून बघितला, ओले हायेत म्हणाली नाही. "मावशे, पोट उतरलं नाय गं?"

"उतरेल. पाटी उतरली की पोट उतरेल."

पाटी खरंच रिकामी झाली. शेवटची मूठ तू रामीच्या पदरात अशीच टाकलीस. मग पाटी उलटी करून तिच्या बुडावर हात मारलास, तळाचा चुरा झटकलास, आणि मांडीवर घेऊन बसलीस. येताना एसटीत तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलीस. इतक्या माशांच्या वासात तुझ्या श्वासाला एक गोडसर वास येत होता, फार पिकून उतरलेल्या चिकूचा. मला वाटलं कुणीतरी बसमध्ये चिकू आणलेत. नंतर घरभर तोच वास होता. डहाणूत चिकूंना तोटा नाही; आता मी बागांच्या बाजूने जातच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू उंबऱ्यात बसलीस आणि ओकलीस. मला आधी कळलंच नाही की ते काय आहे. इतकं होतं, आणि इतकं गडद. तू पायाने अंगणातली वाळू त्याच्यावर ओढायला लागलीस.

"बाय, वाळू टाक."

"आते, थांब, हलू नको."

"टाक आधी. क्षय म्हणतील लोक. पाड्यावर कळलं तर माझं घेतलेलं फेकून देतील."

मी ओंजळीने वाळू टाकली. तुझं माझ्याशी शुद्धीतलं शेवटचं बोलणं ते. माझं नाव नव्हतं त्यात, आशीर्वाद नव्हता. तुझे बोंबील कुणी फेकू नयेत, एवढंच होतं.

बाबांना तार गेली. डॉक्टर सायकलवरून आला. मुंबईपर्यंत ही टिकणार नाही, म्हणाला. काशी येऊन बसली, तुझे पाय मांडीवर घेतले आणि उठलीच नाही. तू दिवसा झोपायचीस, उठलीस की बाजारात असायचीस. रामीशी बोलायचीस, भाव सांगायचीस, कंडक्टरला पाटी हळू ठेव म्हणायचीस. मी पाणी पाजायला वाकले की मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायचीस. आणि तुझे हात. हात पुढे केलेस की मनगटातून खाली पडायचे, पुन्हा उडायचे, पुन्हा पडायचे.

"बघा गो," काशी म्हणाली, "अजून कावळे हाकलतेय." आणि पदर तोंडात घालून रडली.

डॉक्टरने तुझे दोन्ही हात वर धरले, सोडले, निरखले. मला इंग्रजीत म्हणाला की यकृत जे गाळून टाकत होतं ते विष आता मेंदूपर्यंत जातंय. पोटात सांडलेल्या रक्ताने ते वाढलंय. हात असे फडफडणं हे त्याचंच लक्षण. मी ते कुणाला मराठीत सांगितलं नाही. काशीचं म्हणणं खोडायची मला गरज वाटली नाही. आजही दोन्हींपैकी एक निवड म्हटलं तर मी काशीचं निवडेन.

निघताना तो अंगणात थांबला. रक्त बरेच दिवस थोडं थोडं जात असणार, म्हणाला. मग सायकलला हात घालत, "त्या शाईच्या माशाचं काय? किती वेळा खाल्ला होता?"

मला माहीत नव्हतं. मी सुमनला विचारलं. ती चुलीपाशी होती.

"माकूल? कधी?"

"डॉक्टरच्या मागल्या खेपेआधी. आते म्हणाली होती."

"जेठात?" सुमन उठून बाहेर आली. "बोटी वर चढल्यावर? कुणी आणून दिलं माकूल, जेठात?"

सुमनने आत, अंथरुणावर उडणाऱ्या तुझ्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाली, रागाने नाही, अगदी हळू, "म्हणून मला नेलं नाय तिनं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

मी तुझ्यावर चिडले आहे, आते. हे तुला सांगायलाच हवं, कारण जिवंतपणी मी तुला फक्त मिठावरून बोलले. ज्या इंग्रजीसाठी बाबांनी पोटाला चिमटा घेतला, जिच्यामुळे मी दोन्हीकडे मुकी झाले, ती तू आपणहून एकदाच वापरलीस, आणि तीही लपायला. दवाखान्यात माझ्यासारखीच कोणीतरी हवी होती. जिला सगळे शब्द येतात आणि बोटी कधी वर चढतात ते कळत नाही. डॉक्टरला विचारलं मी, की त्या दिवशी मुंबईला नेलं असतं तर? कदाचित, म्हणाला. कदाचित थोडे महिने. कदाचित काहीच नाही. त्याच्याकडे तरी कुठे होता त्यावर उपाय. तुला हे सगळं कुणी न सांगता माहीत होतं, असं मला वाटतं. तू महिने देऊन दोन बाजार घेतलेस. असा सौदा तुझ्याशिवाय कुणी केला नसता, आणि तू आम्हाला विचारून केला नाहीस.

दहाव्याला कावळा शिवेना. पाऊस होता, किनाऱ्यावर सगळी भिजत उभी. बाबांनी कबूल करता येईल ते सगळं कबूल केलं: माझं शिक्षण पुरं करीन, घर विकणार नाही. कावळे माडावर बसून बघत होते. मागून काशी म्हणाली, "जन्मभर शिव्या देऊन हाकललं त्यांना. आता बोलावून येतील होय?" कुणीतरी फिसकन हसलं. मग सुमन पुढे गेली आणि पिंडाशेजारी घरात उरलेला एक खारा बोंबील ठेवला. भटजी काही म्हणायच्या आत कावळा आला, बोंबील उचलला आणि गेला. पिंडाला चोच लागली की नाही यावर अजून वाद आहे. भटजी लागली म्हणाले. त्यांना भिजायचं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा आले आहे. सुमनने तिच्या अंगणात वलांडी बांधली आहे आणि पहिली पाटी घेऊन ती तलासरीला निघाली तेव्हा मीही गेले. मोहाखालची जागा कुणी घेतली नव्हती. रामी आली. आमच्या दोघींच्या मागे बघितलं, मग बसकडे बघितलं.

"मावशी?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. तिच्याने बोलवेना, म्हणून मी सांगितलं. आजारी होती, पावसाच्या सुरुवातीलाच गेली. रामी खाली बसली. जमिनीवर बोटाने रेघा ओढत राहिली.

"आम्ही तर आतापावेतो तिचंच खात होतो," ती म्हणाली. "पाऊसभर. पोरं भाजून मागायची." मग रेघा पुसत, "मीठ बराबर होतं औंदा."

मला ते डोळ्यांसमोर आलं, आते. तुला जाळलं, तुझा दहावा झाला, आम्ही तुझी लुगडी वाटली, आणि तिकडे ओहोळांपलीकडे धुराने भरलेल्या घरांत माणसं रोज तुला चाटूनपुसून खात होती. मला भीती वाटली आणि बरंही वाटलं. कुठलं आधी, ते सांगता येत नाही.

परवा बोटीवर माकूल आलं. सुमनने कालवण केलं, पिशवी न काढता, आणि वाडगा माझ्यासमोर ठेवला. ती समोर बसून राहिली. मी खाल्लं. मीठ घालून.

पुढचं लिहू नये असं मला शिकवलेलं आहे. पण तुझ्या आजारात आपण यापेक्षा जास्त बोललो आहोत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं. काळंच होतं. तू सांगितलंस तसंच, मी डॉक्टरला समजावलं तसंच. तू सांगितलेलं एरवी सगळं खरं होतं, खोटा होता तो फक्त महिना. आणि तो मला ओळखता येणार नाही याची तुला खात्री होती.

मी सुमनकडून शिकते आहे. कोणत्या महिन्यात काय येतं, बोटी कधी वर चढतात, कधी पाण्यात जातात, माकूल कधी मिळतं आणि कधी मिळूच शकत नाही. आता मला सगळे महिने पाठ आहेत. आता तू मला नेलं नसतंस.